शिसं, पारा आणि आपला किनारा: कायदा कारखान्याच्या दारापर्यंत, पुढे काय?

खारंवारं

मंडळी,

रत्नागिरीत बंदराच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बोटींवरचे वायरलेस सेट, जीपीएस, फिश फाइंडर, आणि गावातले टीव्ही, इन्व्हर्टर, एलईडी बल्ब असं सगळं येतं. या धंद्यात राहून एक गोष्ट बरीच टोचते, ती इथे मांडतो.

विजेच्या वस्तूंमध्ये विषारी पदार्थ किती असावेत यावर आपल्याकडे कायदा आहे, हे किती जणांना माहीत आहे? मूळ युरोपचं. त्यांनी 2003 साली निर्देश काढला आणि 1 जुलै 2006 पासून लागू केला. शिसं, पारा, कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनची दोन कुळं, पीबीबी आणि पीबीडीई. कॅडमियमला 0.01 टक्के, बाकी पाचांना 0.1 टक्के. त्यालाच रोहस म्हणतात. आपल्याकडे हे 2011 च्या ई-कचरा नियमांतून आलं आणि रोहसचा भाग 1 मे 2014 पासून लागू झाला. मर्यादा त्याच. मग 2016 चे नियम आले, आता 2022 चे आहेत, 1 एप्रिल 2023 पासून चालू. म्हणजे कागदावर आपण काही मागे नाही.

माझं म्हणणं पुढे आहे. हा कायदा वस्तू बाजारात उतरते त्या क्षणी तिला पकडतो. आपल्याकडे वस्तूचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं. बोटीवरचा वायरलेस सेट उघडून बघा. झाकणाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या, आणि भिंगाखाली धरलं की पिनेच्या भोवती केसाएवढी गोल चीर दिसते. आम्ही त्याला ड्राय सोल्डर म्हणतो. इंजिनाच्या थरथरीने आणि खाऱ्या हवेने हे होणारच. मग तो माझ्याकडे येतो, आणि माझ्या टेबलावर काय असतं? साठ-चाळीसची तार. साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. कारखान्यातून कायद्यात बसून आलेल्या बोर्डावर मी एक डाग मारला की त्या डागात शिसं मर्यादेच्या चारशेपट. आणि यात बेकायदा काहीच नाही, कारण जबाबदारी उत्पादकावर आहे, दुरुस्तीवाल्यावर नाही.

पुढे तो सेट भंगारात जातो आणि कुठेतरी परसात वायरी जाळून तांबं काढलं जातं. तिथे तर कोणताच कायदा पोचत नाही.

तुमच्या गावात काय चालतं ते लिहा. आणि या क्षेत्रातलं कोणी असेल तर कायद्यात नेमकं काय आहे तेही सांगा. माझी माहिती कामापुरती आहे.

---

भरतीओहोटी

चार्जरवर ते रोहस लिहिलेलं असतं ना, इतकी वर्षं मी ते कंपनीचं नाव समजत होतो 😀 धाग्याबद्दल आभार. वाचतोय.

---

देवरूखचा_पुणेकर

खारंवारं, मस्त विषय. मी पुण्यात एका कारखान्यात हेच काम करतो. पुरवठादारांकडून आलेले सुटे भाग रोहसमध्ये बसतात का ते बघायचं. थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ती टक्केवारी. 0.1 टक्के हे अख्ख्या वस्तूच्या वजनावर नसतं, एकजिनसी पदार्थाच्या वजनावर असतं. म्हणजे हाताने किंवा हत्याराने वेगळा करता येईल तो प्रत्येक पदार्थ स्वतंत्र मोजायचा. मोदकात उकड वेगळी तोलायची, सारण वेगळं. वायरीत तांबं वेगळं, वरचं पीव्हीसी वेगळं, पिनेवरचा मुलामा वेगळा. नाहीतर पाच किलोच्या यंत्रात पाच ग्रॅम शिसं सहज लपलं असतं. कायद्याचा खरा दात इथे आहे.

वायरीचं पीव्हीसी ही नेहमीची दुखरी जागा. त्यात शिशाचे क्षार घालायची जुनी पद्धत आहे, उष्णतेने प्लास्टिक बिघडू नये म्हणून. रंगासाठी कॅडमियमही असायचं. 2001 च्या शेवटी हॉलंडच्या सीमाशुल्कवाल्यांनी सोनीचे सुमारे 13 लाख प्लेस्टेशन अडवले, ते केबलमधल्या कॅडमियममुळे. तेव्हा रोहस अजून आलेलाही नव्हता, तो हॉलंडचा स्वतःचा कॅडमियमचा नियम होता. ऐन नाताळच्या हंगामात माल अडकला. पुरवठादाराच्या पुरवठादाराकडे जाऊन बघायची सवय आमच्या धंद्याला लागली त्यामागे हे प्रकरण आहे असं माझे वरिष्ठ सांगायचे, आणि मला ते पटतं.

तपासणी कशी होते? एक्सआरएफ नावाची बंदूक असते. पदार्थावर धरायची, काही सेकंदांत कोणतं मूलद्रव्य किती ते दाखवते. पण ती क्रोमियम दाखवते, ते सहा संयुजेचं की निरुपद्रवी तीनचं हे सांगत नाही. ब्रोमीन दाखवते, ते बंदी असलेल्या कुळातलं की नाही हे सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवून रासायनिक चाचणी करावी लागते. खर्च तिथे येतो.

युरोपची यादी आता दहाची आहे. प्लास्टिक मऊ करणारी चार थॅलेट्स 22 जुलै 2019 पासून वाढली. आपल्याकडे अजून सहाच.

---

शिडाची_होडी

सगळं मान्य. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी आहे. जाळ्याला खाली शिशाचे मणी असतात. एका मोठ्या जाळ्याला किलोच्या किलो शिसं. ते तुटतं, समुद्रात राहतं. आणि तुम्ही बोर्डावरच्या तांदळाएवढ्या डागाचा हिशेब मांडताय. युरोपच्या साहेबांना जे मोजता येतं ते त्यांनी मोजलं, आपण टाळ्या वाजवतोय.

---

खारंवारं

@शिडाची_होडी, राग कसला, बरोबर बोट ठेवलंत. पण ते मणी येतात कुठून? आमच्याकडे काही ठिकाणी गाडीची जुनी बॅटरी फोडून, शिसं तव्यात वितळवून मणी ओततात. मी बघितलंय. चूल परसात, शेजारी पोरं खेळतायत, आणि वर येणारी राखाडी साय काठीने बाजूला काढून तिथेच मातीत टाकलेली. पाण्यातल्या अखंड मण्यापेक्षा मला ती साय जास्त भयंकर वाटते, कारण ती भुकटी होते, हाताला लागते, पोराच्या तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय.

म्हणून डाग छोटा की जाळं मोठं, एवढ्यावर हिशेब संपत नाही. शिसं कोणत्या रूपात कुणाच्या हाताला लागतं ते बघायला हवं.

---

शिडाची_होडी

हे मात्र पटलं. आमच्या वाडीतही ओततात. बोलून बघतो.

---

सातेरीचा_माळ

आमच्याकडे भंगारवालो येता, काट्यार वजन करता, पैसे हातार ठेवता आणि जाता. तेका शिसा काय नि पारो काय, सगळा किलोच्या भावात. जुनो टीव्ही दिलो तर तो म्हणता काच नको, तांब्याची गुंडाळी तेवडी काढून द्या. मग ती काच खय जाता? व्हाळात. कायदो दिल्लीत, काच आमच्या व्हाळात!

---

गुहागरची_सून

सातेरीचा_माळ, 😄 पण खरं आहे हो. भंगारवाल्याला ज्याचे पैसे होतात तेच तो नेणार. त्याचं तरी काय चुकलं.

---

वाशिष्ठीकाठ

टीव्हीच्या काचेवरून लिहितो. मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 चा पूर इथल्या कुणीही विसरणार नाही. पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग होते. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, संगणक, आणि माळ्यावर पडून असलेले जुने पिक्चर ट्यूबचे टीव्हीसुद्धा, कारण पाणी माळ्याला लागलं होतं. सगळ्यावर एकच चिखल. भिजलेलं धान्य, गाद्या, टीव्ही, सगळं एकाच गाडीत भरून गेलं. त्या वेळी वेगळं करा म्हणण्याची कुणाची छाती होती? माणसं दार उघडता यावं म्हणून धडपडत होती.

त्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत वजनाच्या वीसेक टक्के शिसं असतं. क्ष-किरण अडवण्यासाठी घालत. आणि हे रोहसमध्येही चालायचं, त्याला सूट होती. म्हणजे त्या ढिगातली इतक्या शिशाची वस्तू कायद्याने सुटलेली होती.

माझा मुद्दा एवढाच की किनारपट्टीवर कचरा रोज थोडा थोडा होत नाही. तो एका रात्रीत होतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. लोकांनी मिळेल तो इमर्जन्सी लाइट घेतला. पुढच्या वर्षी तौक्ते. ते स्वस्तातले दिवे आता कुठे असतील? आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात धान्य, औषध, बोटी सगळं असतं. पूर ओसरल्यावर बॅटऱ्या आणि टीव्ही कुठे वेगळे रचायचे त्याची एक ओळ हवी. एक मोकळं मैदान आणि ताडपत्री, याहून जास्त मागत नाही.

---

देवरूखचा_पुणेकर

@वाशिष्ठीकाठ, फार महत्त्वाचं लिहिलंत. सवलतींबद्दल थोडं. पर्याय तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तिथे सूट देतात, पण युरोपात प्रत्येक सूट मुदतीची असते. मुदत संपायच्या आधी उद्योगाने पुन्हा अर्ज करून सिद्ध करायचं की अजूनही पर्याय नाही. त्यामुळे सवलतींची यादी हळूहळू आटते. पाऱ्याचंच बघा. सीएफएल आणि ट्यूबलाइटला वर्षानुवर्षं सूट होती. एलईडी परवडायला लागले आणि 2023 मध्ये युरोपने ती काढली, फेब्रुवारीत सीएफएल आणि ऑगस्टमध्ये नेहमीच्या ट्यूब. सूट संपली आणि विषय संपला.

---

कलमदान

वकिली करतो, त्यामुळे थोडं रुक्ष लिहीन.

1. आपल्या नियमांत उत्पादकाने वस्तूबरोबरच्या पुस्तिकेत रोहस पाळल्याचं घोषणापत्र द्यायचं असतं. आयात मालालाही तेच लागू.

2. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बाजारातून नमुने उचलून तपासायचे असतात. नमुना नापास झाला तर उत्पादकाने माल मागे घ्यायचा. म्हणजे घोषणा आधी, तपासणी नंतर आणि तीही निवडक.

3. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. 2006 च्या एमएसएमई कायद्यातली व्याख्या. शेडमध्ये सुटे भाग आणून बल्ब आणि इमर्जन्सी लाइट जोडणारे अनेक जण त्यात बसतात. वाशिष्ठीकाठ म्हणतात ते वादळानंतरचे दिवे यातले किती असतील याचा विचार करा.

4. 1 मे 2014 च्या आधी बाजारात आलेल्या वस्तूंच्या सुट्या भागांना सूट ठेवलेली आहे, रोहसमधला भाग मिळत नसेल तर. खारंवारंच्या दुकानातल्या जुन्या सेटांना हीच लागू पडेल. आणि मला हे योग्य वाटतं. नाहीतर चांगला चालणारा सेट एका भागापायी फेकावा लागला असता.

एक किस्सा सांगतो. ब्रोमीनवाल्या कुळातला डेका-बीडीई हा सगळ्यात जास्त खपणारा. युरोपीय आयोगाने 2005 साली त्याला रोहसमधून सूट दिली. युरोपची संसद आणि डेन्मार्क न्यायालयात गेले. न्यायालयाने 1 एप्रिल 2008 ला ती सूट रद्द केली, कारण मूळ निर्देशात सूट देण्याच्या ज्या अटी होत्या त्या आयोगाने पाळल्याच नव्हत्या. संसद स्वतःच्याच आयोगाविरुद्ध कोर्टात जाते, हे मला आजही वाचायला आवडतं. आपल्याकडे नियम अधिसूचनेने येतात, बदलतात, आणि कुणी वाचतही नाही.

---

भरतीओहोटी

कलमदान, रुक्ष कुठे? मी दोनदा वाचलं.

---

उंबरठा

वेगळा सूर लावतो. मी बोटींची इलेक्ट्रिकल कामं करतो. माझा अनुभव असा की शिसं काढल्यापासून माल लवकर मरतो. जुने सेट वीस-वीस वर्षं चालायचे. शिशाचं सोल्डर मऊ असतं, थरथर सोसतं. नवीन कडक असतं, तडकतं. शिवाय शुद्ध कथलाच्या मुलाम्यावर केसासारखे तंतू उगवतात आणि शॉर्ट होतं. लष्कर आणि अवकाशवाल्यांना तर युरोपच्या कायद्यातून वगळलंय. शिसं वाचवलं आणि वस्तू दुप्पट फेकल्या, यात पर्यावरण कुठलं?

---

देवरूखचा_पुणेकर

अर्धं बरोबर. कथलाचे तंतू खरे आहेत, थोडं शिसं मिसळलं की ते दबतात हेही जुनं ज्ञान आहे. सुरुवातीच्या वर्षांत शिसंविरहित सांधे खूप फसले कारण कारखान्यांना तापमान जमत नव्हतं. जुनं मिश्रण 183 अंशाला वितळायचं, नवीन 217 च्या पुढे. आता ते बसलंय. पण जुने सेट टिकायचे ते फक्त शिशामुळे असं म्हणू नका. त्यांचे बोर्ड जाड होते, भाग मोठे होते, वर लाखेचा थर असायचा. आजचा स्वस्त माल लवकर मरतो तो मुख्यतः स्वस्त असल्यामुळे.

---

खारंवारं

दोघांचं थोडं थोडं घेतो 🙂 माझ्या टेबलावरून सांगतो. बोर्डावर संरक्षक लेप असेल तर शिसं असो नसो, खाऱ्या हवेत तो तगतो. लेप नसेल तर दोन्ही मरतात. मी दुरुस्तीनंतर लेप मारून देतो, त्याचे पैसे वेगळे सांगितले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मग तोच सेट पुढच्या मोसमात परत.

उंबरठा, तुमच्या दुप्पट फेकण्याच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. विष कमी असलेली पण उघडता न येणारी, सुटे भाग न मिळणारी वस्तू मला नको. कायद्याने आत काय घालू नये ते सांगितलं. ती उघडता आली पाहिजे हेही त्याच दमात सांगायला हवं होतं.

---

कालवं

कुणी पाऱ्याचं फारसं बोललं नाही म्हणून. आपण मासे खाणारी माणसं. 1956 साली जपानच्या मिनामाता गावात जो आजार नोंदला गेला तो असाच खाडीकाठचा. कारखान्याचं पाऱ्याचं पाणी समुद्रात, तिथून मासळीत, तिथून कोळ्यांच्या घरात. त्याच गावाच्या नावाने 2013 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, 2017 मध्ये तो अंमलात आला आणि 2018 मध्ये भारतानेही मान्यता दिली. पाऱ्याचे दिवे, थर्मामीटर, काही बॅटऱ्या बंद होत चालल्यात त्यामागे रोहसबरोबर हा करारही आहे.

घाबरवायचा हेतू नाही. एका ट्यूबमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, आणि तारली-बांगडा निर्धास्त खा. पारा साठतो तो मोठ्या, बरीच वर्षं जगणाऱ्या शिकारी माशांत, मोठी मुशी वगैरे. पण खाडीच्या तोंडाशी फुटक्या ट्यूबांचा ढीग बघितला की मला मिनामाता आठवतंच.

---

गुहागरची_सून

कालवं, मी शाळेत शिकवते. आमच्या स्टोअररूममध्ये जुन्या ट्यूब आणि सीएफएल खोक्यात आहेत, पावसात छप्पर गळून एक खोकं भिजलं, काही फुटल्यात. शिपाईमामा केरसुणीने गोळा करायला निघाले होते, मी थांबवलं. आता काय करू? खरंच विचारतेय.

---

कालवं

ताई, थांबवलंत ते छान केलंत. आधी दारं-खिडक्या उघडून मुलांना लांब ठेवा, अर्धा तास तरी खोलीत कुणी नको, पंखाही नको. केरसुणी आणि व्हॅक्यूम नाहीच, त्याने भुकटी उडते. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने तुकडे ओढून घ्या, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, मग ओल्या कागदाने पुसा. सगळं झाकणाच्या बरणीत किंवा डब्यात बंद करून वर चिठ्ठी लावा. अखंड ट्यूब पुठ्ठ्यात गुंडाळून आडव्या ठेवा. नोंदणी असलेले पुनर्चक्रणवाले कोण ते केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं. एका शाळेसाठी ते येणार नाहीत, तालुक्यातल्या चार-पाच शाळांचं एकत्र केलंत तर निदान बोलता येईल.

---

सातेरीचा_माळ

बाई, ह्या शिक्षणाधिकाऱ्याक लेखी कळवा. तोंडी सांगलेला कोण ऐकणा नाय.

---

उंबरठा

खारंवारं, जाता जाता. शिसंविरहित तार वापरून बघायची आहे. कोणती घेऊ? आणि धुराने शिसं पोटात जातं म्हणतात ते खरं का?

---

खारंवारं

नवीन बोर्डांना कथील-चांदी-तांब्याची तार, 96.5 कथील, 3 चांदी, अर्धा टक्का तांबं. महाग आहे. बारीक गेजची छोटी रीळ घ्या, तापमान लावता येणारं सोल्डरिंग आयर्न लागेल, आणि टोक लवकर खराब होतं, स्पंजऐवजी पितळी काथ्यावर पुसा. जुने शिशाचे बोर्ड आले तर त्यांना साठ-चाळीसच ठेवा, सरमिसळ नको. स्वस्तातली बिस्मथची तार तर शिशाच्या सांध्यावर मुळीच नको. बिस्मथ, कथील आणि शिसं मिळून 96 अंशाला वितळणारं मिश्रण तयार होतं, इंजिनाच्या खोलीत तो सांधा सुटेल.

धुराचं म्हणाल तर सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. धूर असतो तो आतल्या पेस्टचा, राळेचा, त्याने दमा होतो. म्हणून छोटा पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा. शिसं पोटात जातं ते हाताने. तार बोटांत धरायची आणि त्याच हाताने वडापाव खायचा, हे आपल्या धंद्यात सगळे करतात. मी टेबलाशेजारी साबण ठेवलाय आणि दुकानातल्या पोराला चहासुद्धा हात धुतल्याशिवाय देत नाही. तो वैतागतो.